वेताळाच्या वहाणा

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. गेल्या दसऱ्याच्या आधी त्या घराचा माळा झाडण्याचे काम निघाले. अशा कामास वडील माणसे जितकी कंटाळतात तितकी मुले आनंदतात. कारण माळा म्हणजे त्यांच्या लेखी पाताळातील खजिनाच, फक्त तो वरच्या अंगास असतो, इतकेच. आमच्या पुतण्याचे दहा वर्षांचे चिरंजीव धुळीने पांढरे होऊन खाली आले, ते हातात एक पातळसे, कडा झिजलेले पुस्तक घेऊन. मुखपृष्ठावर अंगाला घट्ट बसलेला जांभळा वेष, डोळ्यांवर काळा मुखवटा आणि कमरेस दोन पिस्तुले अशा थाटात पांढऱ्याशुभ्र घोड्यावर बसलेला एक वीर होता.

"आजोबा, हा कोण?"

"वेताळ," आम्ही म्हणालो.

चिरंजीव हसले. "वेताळ तर झाडाला लोंबकळतो. विक्रमाच्या खांद्यावर बसतो आणि गोष्ट सांगतो. हा घोड्यावर कसा बसला?"

अडतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेल्या मास्तरास दहा वर्षांच्या मुलाने निरुत्तर करावे, याची मौज आमच्या सौभाग्यवतींस फार वाटली. पण प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. झाडावरचा वेताळ घोड्यावर कसा बसला, हे सांगायचे तर अमेरिकेतील सेंट लुईस शहरापासून कोकणातील आरवलीपर्यंत फिरावे लागते. त्या फेरीस सुज्ञ वाचकांनी आमच्यासंगे चलावे. एक कबुली मात्र आरंभीच देऊन ठेवतो. माळ्यावर सापडलेले ते पुस्तक आमच्या मालकीचे नव्हे. ते आमच्याकडे कसे आले, हे शेवटी सांगू.

मूळ पुरुषाची जन्मकथा

या जांभळ्या वीराचे मूळ नाव फँटम, म्हणजे भूत किंवा छाया. त्याचा कर्ता ली फाल्क सेंट लुईस येथे १९११ साली जन्मला. त्या काळी अमेरिकेतील वृत्तपत्रे रोज तीन-चार चौकटींची एक चित्रमालिका छापीत. आज नायक कड्यावरून लोंबकळत ठेवायचा आणि उद्या वर काढायचा, म्हणजे वाचक उद्याचा अंक विकत घेतोच, असा तो व्यवहार. न्यूयॉर्कची किंग फीचर्स ही संस्था अशा मालिका तयार करवून देशोदेशींच्या पत्रांस विकीत असे. तिच्यासाठी फाल्कने १९३४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मँड्रेक नावाचा जादूगार निर्माण केला. तो गाजला, आणि संस्थेने दुसरी मालिका मागितली. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटम प्रथम छापून आला. शब्द फाल्कचे आणि चित्रे रे मूर याची.

गंमतीची गोष्ट ही की, आरंभी फाल्कच्या मनात निराळाच मनुष्य होता. दिवसा श्रीमंत, आळशी, चैनी तरुण आणि रात्री मुखवटा घालून दुष्टांचा समाचार घेणारा वीर, असा तो बेत होता. पहिली कथा चालू असतानाच कर्त्याचे मन पालटले. त्याने नायकाला शहरातून उचलून दूरच्या अरण्यात नेले, राहण्यास कवटीच्या आकाराची गुहा दिली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला कुळ दिले. नाटकाचा पहिला अंक चालू असता नायकाचे गोत्र बदलावे, तसलाच हा प्रकार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या आमच्या सांगलीतील नाटकवाल्यांसही असे धाडस सुचते ना!

ते कुळ असे. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला करून सर्वांस मारले. एकटा तरुण वाहत किनाऱ्यास लागला. अरण्यातील ठेंगण्या लोकांनी त्याला वाचविले. पुढे पित्याच्या मारेकऱ्याची कवटी हाती घेऊन त्याने शपथ वाहिली, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी मी आयुष्य वेचीन, आणि माझ्यामागून माझे वंशज हेच व्रत चालवतील. त्याच्यानंतर मुलगा, मुलानंतर नातू, असे एकामागून एक वीर तोच वेष आणि तोच मुखवटा धारण करीत आले. बाहेरच्या जगास वाटते की चारशे वर्षे हा एकच पुरुष जिवंत आहे. म्हणून त्यास चालते-बोलते भूत म्हणतात. खरे काय ते ठेंगण्या लोकांच्या त्या एका टोळीस ठाऊक. मालिकेत आपणांस भेटतो तो एकविसावा. त्याच्या हातांत दोन अंगठ्या असतात. एकीचा ठसा दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उठवितो, आणि दुसरीचा ठसा ज्याला लाभला तो त्याच्या संरक्षणाखाली आला असे समजतात.

सुपरमॅन नावाचा उडणारा वीर अमेरिकेत १९३८ साली अवतरला. फँटम त्याच्याहून दोन वर्षांनी वडील. अंगाला घट्ट बसणारा वेष आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा हा पुढे शेकडो वीरांनी उचललेला थाट प्रथम याने रूढ केला. पण त्याला उडता येत नाही. गोळी लागली तर रक्त येते. म्हातारपण येते आणि मरणही येते. अमर आहे ती त्याची गादी. ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. पीठावर बसणारा प्रत्येक आचार्य शंकराचार्यच असतो. देह बदलतो, दंड-कमंडलू तेच राहतात. फाल्कने आपले पीठ जंगलात मांडले आणि आचार्यास पिस्तुले दिली, इतकाच फरक.

त्याच्या वेषाच्या रंगाचीही एक कथा आहे. रोजची मालिका काळ्या-पांढऱ्या शाईत छापली जाई. फाल्कच्या मनात तो वेष करडा होता. २८ मे १९३९ पासून रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली, तेव्हा छापखान्याने त्याला जांभळा केला आणि तो तसाच राहिला. इटलीत तो तांबडा झाला, स्वीडनमध्ये निळा. कर्त्याने जन्म दिला खरा, पण अंगडे-टोपडे ज्याने त्याने आपापले चढविले.

चित्रकारही बदलत गेले. मूरनंतर विल्सन मॅकॉय आला. तो १९६१ साली वारल्यावर थोड्याच दिवसांत साय बॅरी याने कुंचला हाती घेतला, तो १९९४ पर्यंत खाली ठेवला नाही. फाल्क मात्र १९९९ साली मरेपर्यंत, म्हणजे सुमारे ६३ वर्षे, कथा लिहीतच होता. त्याच्यामागून दुसऱ्यांनी लिहिल्या. मुखवट्यामागचा मनुष्य बदलावा आणि मुखवटा तोच राहावा, ही कथेतील गोष्ट कागदावरही खरी झाली.

ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याची स्वतंत्र पुस्तके निघू लागली. पापुआ न्यू गिनी देशाच्या डोंगराळ मुलखात तर वाहगी लोकांनी लढाईच्या ढालींवर याचे चित्र रंगविले. जो मरत नाही तो ढालीवर असावा, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे मात्र त्याला ढालीहून मोठी वस्तू मिळाली. त्याला नाव मिळाले.

मुंबईतील बारसे

'टाइम्स ऑफ इंडिया' छापणाऱ्या मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने आपल्या इंग्रजी साप्ताहिकातून फँटम आधीच वाचकांस दाखविला होता. मार्च १९६४ मध्ये तिने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही स्वतंत्र पुस्तकमाला काढली. पहिले पुस्तक याच्याच कमरपट्ट्याच्या कथेचे होते, आणि पहिली ३२ पुस्तके त्याच्याच नावावर होती. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी मंडळी पाळीपाळीने येऊ लागली. आरंभी मासिक असलेली ही माला पुढे पाक्षिक झाली आणि नंतर साप्ताहिकही झाली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर देशी भाषांतूनही ती निघे.

चित्रांतून कथा सांगणे आमच्या भागास नवे होते, असे कोणी समजू नये. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायणाची चित्रे एकेक करून दाखवीत कथा गातात. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः चित्रे काढून १९१६ साली 'चित्ररामायण' छापविले. त्याच संस्थानातील, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली सुरू झालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. तेव्हा वीराची गोष्ट चित्रांत पाहण्यास आमचे डोळे तयार होते. नवा होता तो वीर.

या परक्यास मराठीत काय म्हणावे? बंगालीत आनंदबाजार पत्रिकेने त्याला 'अरण्यदेव' केले. नाव भारदस्त खरे, पण त्यात भुताचा वास नाही. मराठीत तो 'वेताळ' झाला. ज्या कोणास हे नाव सुचले त्यास आम्ही नमस्कार करतो. भूत, पिशाच, समंध, मुंजा असे शब्द मराठीत थोडे नाहीत. पण त्यांतील एकही गावाचे रक्षण करीत नाही. वेताळ करतो. कोकणात आणि गोव्यात वेताळ हे ग्रामदैवत आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवली येथे श्रीदेव वेतोबाचे देऊळ आहे. तेथे भाविक केळ्यांच्या घडांबरोबर चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. कारण असे सांगतात की, वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात.

वाचकहो, अमेरिकेतल्या त्या कर्त्याने आपल्या नायकास 'चालते भूत' म्हटले, तेव्हा त्याच्या स्वप्नातही आरवली नव्हती. पण वेताळ हे नाव पडले, आणि परदेशी पाहुण्याच्या पायांत आमच्या वेतोबाच्या वहाणा आल्या. तो चालू लागला तो घरच्या वाटेनेच.

संपादकांनी आणखीही काही नावे बदलली, तीही विचार करण्याजोगी आहेत. फाल्कने आपले अरण्य आरंभी आशिया खंडात कल्पिले होते आणि त्याच्या देशाचे नाव बंगालच्या जवळपासचे होते. चाचे 'सिंग' म्हणविले जात, आणि वेताळाच्या पित्याचा मारेकरी चक्क 'रामा' होता! इंद्रजालात देशाचे डेंकाली झाले, सिंगचे सिंगा झाले आणि रामाचे रामालू झाले. ज्या घरात देवापुढे रामरक्षा म्हणून मूल पुस्तक उघडणार, त्या घरात खुन्याचे नाव राम चालत नाही, हे एका अक्षराच्या फेरफाराने साधले. नाडी पाहता येणाऱ्यांचे हे काम आहे.

इंद्रजालाच्या आरंभी अनंत पै नावाचे एक तरुण गृहस्थ त्याच संस्थेत होते. पुढे ते तेथून निघाले, आणि १९६७ साली इंडिया बुक हाउसच्या साहाय्याने त्यांनी 'अमर चित्रकथा' सुरू केली. राम वाईरकरांनी चितारलेला कृष्ण घरोघर गेला. मुलांस ग्रीक देव ठाऊक आणि रामाची आई ठाऊक नाही, या खंतीतून ती माला निघाली, हे सर्वश्रुत आहे. पण परक्या वेताळाच्या घरी उमेदवारी केल्यावर ती निघाली, हे आपण विसरतो.

तात्यांचा निकाल

आम्ही प्रथम वेताळ वाचला तो १९७१च्या सुमारास, बाराव्या वर्षी. भाड्याने पुस्तके देणारा एक दुकानदार दिवसास पाच पैसे घेई. आम्ही सहा चुलतभावंडे पैसे जमवीत असू आणि वयाच्या क्रमाने वाचीत असू. धाकट्याच्या हाती पुस्तक पडेपर्यंत गोष्ट त्याला तोंडपाठ झालेली असे. तरी तो एक चौकट सोडीत नसे.

एके दिवशी माळ्यावर आमच्या हातात पुस्तक असता तात्या, म्हणजे आमचे थोरले चुलते, वर आले. त्यांचे संस्कृत घरच्या पाठशाळेतले आणि करडेपणाही तेथलाच. आम्ही पुस्तक मांडीखाली घातले. त्यांनी हात पुढे केला आणि मुखपृष्ठ पाहिले.

"हा कोण म्हणायचा?"

"वेताळ, तात्या."

"वेताळ प्रश्न विचारतो. हा तर गुद्दे मारतो आहे."

इतके बोलून ते पुस्तक घेऊन खाली गेले. आमचे धाबे दणाणले. पाच पैसे गेले आणि वर दुकानदाराचा दंड आला, असे आम्ही समजलो. रात्री जेवणे झाल्यावर पाहतो तो तात्या झोपाळ्यावर कंदिलाशेजारी बसून वेताळ वाचीत आहेत! वाचून संपल्यावर त्यांनी सहाही जणांस समोर बसविले आणि निकाल सांगितला. तो आज पन्नास वर्षांनीही आम्हांस जसाच्या तसा आठवतो.

"गोऱ्या माणसाने काळ्या माणसांची राखण करायची, ही गोष्ट आम्हांला दीडशे वर्षे सांगितली गेली. ती आता पुन्हा ऐकण्याचे कारण नाही. वीर पाहायचा असेल तर १९४३ साली, मी अठरा वर्षांचा असताना, याच गावचा तुरुंग फोडून वसंतदादा आणि त्यांचे सोबती निसटले. त्यांना ना मुखवटा होता ना घोडा. हे एक. दुसरे, यात विचार करायला जागा नाही. प्रश्न पडण्याआधीच ठोसा पडतो. पण तिसरे असे की, यातली शपथ खरी आहे. बापाचा सूड एवढ्यावर तो थांबला असता तर सामान्य होता. त्याने सूडाचे व्रत केले आणि ते पिढीला दिले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तक उद्या दुकानात परत करा."

त्यानंतर त्यांनी फडताळातून कथासरित्सागर काढला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या त्या ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. शिंशपा वृक्षावरील प्रेत खांद्यावर घेऊन राजाने मुकाट्याने चालावे, प्रेतातल्या वेताळाने कथा सांगून प्रश्न घालावा, उत्तर ठाऊक असून राजा न बोलेल तर त्याचे डोके फुटावे, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. तात्या रोज रात्री एक कथा सांगत, आणि प्रश्नाशी आले की थांबत. उत्तर आम्ही द्यायचे. शेवटच्या कथेत राजा निरुत्तर होतो, आणि तेव्हाच प्रसन्न होऊन वेताळ त्याला कपटी भिक्षूच्या डावातून वाचवतो. तेव्हा आमच्या ध्यानी आले की मूळचा वेताळही राखणदारच आहे; फक्त तो आधी माणसाची परीक्षा घेतो.

मॅट्रिकनंतर आम्ही संस्कृतच धरले, ते त्या पंचवीस रात्रींमुळे. आणि त्या रात्री आल्या त्या पाच पैशांच्या जांभळ्या पुस्तकामुळे. आमच्या विद्येचे हे कुळ आम्ही आजवर कोणास सांगितले नव्हते.

तात्यांचा पहिला आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ठेंगण्या लोकांच्या टोळीस फाल्कने 'बांदार' नाव दिले, ते किपलिंगच्या जंगलकथांतील माकडांवरून. माणसांस माकडांचे नाव देणे आणि ते कोणास न खटकणे, हा त्या काळाचा दोष त्या कथेत उतरला आहे. पुढे आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र झाले, तेव्हा फाल्कनेही आपले अरण्य आफ्रिकेत हलविले आणि त्या देशास लुआगा नावाचा, लोकांनी निवडून दिलेला डॉक्टर अध्यक्ष दिला. उशिरा का होईना, कर्ता शिकला, हेही नोंदविणे न्याय्य आहे.

आमच्या देशाचे उत्तर १९७६ साली त्याच इंद्रजालातून आले. आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा वीर लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. मुखवटा नाही, अंगात कुडता आणि खाली जीन्सची विजार, आणि लढा दरोडेखोरांशी. पण खरी मेख निराळीच आहे. बहादूरचा बाप स्वतः दरोडेखोर होता. तो पोलिसांच्या हातून मेला आणि ज्या अधिकाऱ्याने त्याला मारले त्यानेच मुलाला वाढविले. वेताळ हा बापाचा वसा चालविणारा मुलगा आहे. बहादूर हा बापाचा वसा टाकणारा. एक रघुकुळातला, दुसरा प्रल्हादाच्या जातीचा. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपणांस दोन्ही गोष्टी मुलांस सांगाव्या लागतात. वाडवडिलांचे काय घ्यायचे हे सांगणे सोपे, काय टाकायचे हे सांगणे कठीण.

आमचा अपराध

आता कबुली. १९८७ साल असेल. आठवीच्या वर्गात आम्ही 'हरि' शब्द चालवीत होतो. मागील बाकावरचा एक मुलगा शब्दरूपावली समोर धरून एकाग्र चित्ताने वाचताना दिसला. 'हरि' शब्दात इतकी गोडी कोणास वाटलेली आम्ही पाहिली नव्हती. जवळ गेलो, तो आत इंद्रजाल. मुले पाठीमागे आम्हांस 'अग्यावेताळ' म्हणत. त्या दिवशी आम्ही ते नाव सार्थ केले. पुस्तक ओढून घेतले, नको ते बोललो, आणि वर्ष संपताना मिळेल म्हणून कपाटात कुलूपबंद केले.

शाळा सुटल्यावर तो कपाटापाशी येऊन उभा राहिला. "सर, ते माझे नाही, दादाचे आहे," इतकेच म्हणाला. आम्ही म्हणालो, "मग दादाला पाठव." दादा आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगाही आला नाही. वडील एस. टी.त होते, त्यांची बदली झाली होती. पुस्तक कपाटात राहिले. पुढे शाळेचे कपाट बदलले तेव्हा इतर कागदांबरोबर ते आमच्या घरी आले. पहिल्या पानावर पेन्सिलीने दोन नावे आहेत. वर थोरल्याचे, वळणदार, आणि खाली धाकट्याचे, ओळ सोडून गेलेले. दादाने आपली वस्तू भावास दिली, ती त्याने आपल्या नावाखाली धरली, आणि तेथेच मास्तरांनी ती साखळी तोडली.

तात्यांनी आमच्या हातचे पुस्तक घेतले ते वाचण्यासाठी. आम्ही त्या मुलाचे घेतले ते कोंडण्यासाठी. त्याला त्या दिवशी एक प्रश्न जरी विचारला असता, की बाळ, हा वेताळ आणि विक्रमाचा वेताळ यांत थोर कोण, तर कदाचित तोही पंचवीस रात्री बसला असता. वेताळाच्या कथेतील नियम आमच्यावर उलटला. उत्तर ठाऊक होते, आणि आम्ही बोललो नाही.

इंद्रजालाचे आयुष्य पुढे फार नव्हते. त्याच सुमारास रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले होते, कारण दूरदर्शनवर रामायण लागे. १९९० साली ८०३ पुस्तके काढून ती माला बंद पडली. वेताळ दुसऱ्या प्रकाशकांकडे गेला, चित्रपटात आला, पण मुलांनी पैसे जमवून वयाच्या क्रमाने वाचावा, असे ते घर त्याला पुन्हा लाभले नाही.

आम्ही मोठेपणी जमविलेली चाळीसेक इंद्रजाले तळघरातील लोखंडी पेटीत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तो आत जांभळट चिखल. सगळा वेताळवंश एका रात्रीत बुडाला. माळ्यावर राहिले ते हे एकच. जे आमचे होते ते कृष्णामाईने नेले. जे आमचे नव्हते तेवढे आमच्याजवळ ठेवले. यात योगायोगापलीकडे काही पाहू नये, हे आम्हांस कळते. तरी रात्री झोप लागली नाही.

दसऱ्याच्या दिवशी चिरंजीवांनी सरस्वतीपूजनास ते पुस्तक मांडले. घरात थोडी कुजबुज झाली; आम्ही राहू दिले. आता रोज रात्री त्यांना एक कथा सांगतो. एक दिवस सोमदेवाचा वेताळ, एक दिवस फाल्कचा, आणि प्रश्नाशी आलो की थांबतो. परवा त्यांनीच उलट प्रश्न घातला: "आजोबा, वेताळाच्या वहाणा झिजल्या तर नव्या कोण देतो?" गावातली माणसे देतात, असे आम्ही सांगितले. ते विचारात पडले आणि पुस्तकास तपकिरी कागदाचे वेष्टन घालू लागले.

ज्या विद्यार्थ्याचे हे पुस्तक, तो आता पन्नाशीच्या घरात असेल. त्याची मुले त्या वेळच्या त्याच्यापेक्षा मोठी असतील. हे मासिक त्याच्या किंवा त्याच्या दादाच्या घरी जात असेल तर आमची विनंती आहे. पहिल्या पानावरची दोन नावे आणि त्यांचा क्रम जो सांगेल, त्याची ठेव गावभागात सुखरूप आहे. त्याने यावे, घेऊन जावे. मास्तरांनी परत देण्यास वर्षाअखेरची मुदत घातली होती. तिला अडतीसएक वर्षे उशीर झाला, एवढे पोटात घालावे.